केझायाला न विचारता

"तुमचा भाऊ कसा आहे?" असं केझाया स्कायला विचारायची चूक आमच्या ग्रँड रिव्हर नदीच्या काठी फक्त नवखा माणूस करायचा. ती हातातलं काम न थांबवता म्हणायची, "कुठला भाऊ?" भाऊ तिला एकच होता, अल्फियस. त्याचं घर इतकं जवळ की बांधावरून हाक मारली तर ऐकू जावी. आणि त्याला वाढवलं होतं तिनेच.

आई गेली तेव्हा केझाया तेरा वर्षांची होती आणि अल्फियस नऊचा. घरात आजी होती, पण तिची नजर अधू झालेली. पोराच्या डोक्यातल्या उवा काढायच्या, ताप आला की उशाशी बसायचं, शाळेतून पळून आला की कान धरून परत न्यायचं, हे सगळं केझायाने केलं. तो तिला ताई म्हणायचा, पण पडला-झडला की तोंडातून "आई गं" निघायचं आणि धावायचा मात्र तिच्याकडेच.

आम्ही अमेरिकेच्या सरहद्दीच्या उत्तरेला राहणारे, इथले मूळचे लोक; आमच्यात कूळ आईकडून येतं. ही भावंडं कासव कुळाची. पंचायतीतल्या एका मानकऱ्याचं नाव त्यांच्या घराण्यात चालत आलेलं होतं. मानकरी पुरुष असतो, पण तो कोण हे घरातल्या बाया ठरवतात. त्याला शिंगं चढवतात त्याच, आणि तो वाकडा चालला तर उतरवतातही त्याच. शिंगं म्हणजे मान. तो मान पिढ्यान् पिढ्या थोरलीच्या ताब्यात, आणि आजीनंतर थोरली झाली केझाया. म्हातारा मानकरी वारला तेव्हा सगळ्या बायांच्या मनात मावसभाऊ लीव्हाय होता. लीव्हाय बोलायला लागला की कोंबड्यासुद्धा ऐकत उभ्या राहायच्या. केझाया म्हणाली, "लीव्हाय बोलतो छान. पण अल्फी आधी ऐकतो आणि मग बोलतो." तिच्या शब्दावर शिंगं अल्फियसला चढली. त्या दिवशी तो सगळ्यांदेखत तिच्यासमोर वाकला होता.

आजीची एक गोष्ट दोघांनी लहानपणी शंभरदा ऐकली होती. आजीच्या आईच्या काळात इंग्रज आणि अमेरिकन यांची लढाई जुंपली. इंग्रज आमचे जुने दोस्त, म्हणून बायांनी होकार दिला, मका भाजून कांडला, मेपलच्या झाडाच्या रसाची साखर घालून पिठाच्या पिशव्या बांधल्या, चामड्याचे जोडे शिवले आणि माणसं पाठवली. पण सरहद्दीच्या नदीपलीकडे राहिलेले आमचेच भाऊबंद अमेरिकनांच्या बाजूने उतरले होते. चिपावाच्या रानात दोन्हीकडच्यांनी झाडाआडून एकमेकांवर गोळ्या झाडल्या. संध्याकाळी प्रेतं उलथवून पाहिली तर तोंडं ओळखीची. मग निरोप्ये नदीपार गेले, दोन्ही बाजू बोलल्या आणि दोघांनीही अंग काढून घेतलं.

"इंग्रजांचा राजा रागावला नाही?" लहानगा अल्फियस दर वेळी विचारायचा.

"रागावला की. रागाने काही मका करपत नाही," आजी म्हणायची. "पण त्या पिशव्या माझ्या आईने शिवल्या होत्या. मरेपर्यंत तिने पुन्हा तसं पीठ कांडलं नाही. लक्षात ठेवा, माणूस मारायला पाठवायचा तर त्याला जन्म देणारीला आधी विचारायचं. ती नाही म्हणाली तर मग बोलत बसायचं."

१९१४ साली युरोपात युद्ध पेटलं. वर्षाच्या आत भरतीवाले आमच्याकडेही आले. आमच्या ओशवेकन गावच्या जत्रेत बँड घेऊन उभे राहिले, लॅक्रॉसच्या, म्हणजे जाळीच्या काठ्यांनी खेळायच्या आमच्या चेंडूच्या सामन्यात चांगल्या पळणाऱ्या पोरांच्या पाठीवर थापा मारू लागले. आमच्या पंचायतीचं म्हणणं सरळ होतं. आम्ही राजाची प्रजा नव्हे, दोस्त. दोस्ताला मदत हवी असेल तर राजाने करारात लिहिल्याप्रमाणे पंचायतीला बोलावणं धाडावं. तसं बोलावणं काही आलं नाही. आले ते सार्जंट, आणि तेही थेट पोरांकडे.

कासव कुळाच्या बाया केझायाच्या स्वयंपाकघरात जमल्या. वर्तमानपत्रात बेल्जियमच्या बायांचं चित्र आलं होतं. रस्त्याने चाललेल्या, डोक्यावर गाद्या, कडेवर पोरं. ते चित्र हातोहात फिरलं. एक जण म्हणाली, "बिचाऱ्या." शेवटी ठरलं, की बिचाऱ्या खऱ्या, पण आपल्याला कुणी विचारलेलं नाही, आणि समोर कोण आहे हेही आपल्याला ठाऊक नाही. नाही म्हणायचं.

केझायाने तो शब्द अल्फियसच्या हाती दिला. त्याने तो पंचायतीत असा मांडला, की दाराशी उभ्या असलेल्या बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. कमी बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्याची जीभ मोकळी सुटली होती. "ज्यांच्या पोटी ही पोरं आली," तो म्हणाला, "त्यांना डावलून आम्ही ती कुणाच्या हवाली करणार नाही." केझाया घरी येईपर्यंत मनात ते वाक्य घोळवत होती.

केझायाचं एकच पोर जगलं होतं, फ्रीमन. नवऱ्याच्या अंगावर लाकूडतोडीत झाड पडलं तेव्हा फ्रीमन चार वर्षांचा होता. तेव्हापासून त्याला मामाचाच आधार. आमच्यात भाच्याला वळण लावायचा हक्क बापाआधी मामाचा, आणि अल्फियसने तो चोख बजावला होता. फ्रीमनला सोळावं लागलं होतं. टाचांना चाकं लावल्यासारखा पळायचा.

"आई, मार्टिनांचा पोरगा गेला," तो एकदा जेवताना म्हणाला.

"त्याच्या आईला विचार कसा गेला."

"गणवेश मस्त आहे."

"मग गणवेशाशी लग्न कर. मामा पंचायतीत काय बोलला ते ऐकलंस ना?"

"ऐकलं," फ्रीमन म्हणाला आणि ताटात बघत हसला. त्या हसण्याचा अर्थ तेव्हा तिला कळला नाही.

१९१६ च्या मार्चमध्ये मेपलचा रस उकळायला मामा-भाचे रानात गेले. दर वर्षीच जायचे, पंधरा दिवस तिथेच राहायचे. आठव्या दिवशी केझाया त्यांच्यासाठी मक्याची भाकर घेऊन गेली. कढईजवळ अल्फियस एकटा होता.

"पोर कुठंय?"

"धाडलाय जरा. पिंपं आणायला. येईल दोन दिवसांत."

तो कढईतला फेस काढत राहिला. तिला आश्चर्य वाटलं ते एवढंच, की कोपऱ्यात रिकामी पिंपं रचलेली होती. पण भावावर संशय घ्यायची तिला सवय नव्हती. ती भाकर ठेवून परत आली.

खरी गोष्ट कळली ती पाच दिवसांनी, अंडी विकायला जवळच्या ब्रँटफर्ड शहरात गेलेल्या शेजारणीकडून. केझायाने गाडी जुंपली आणि थेट कवायतीचं मैदान गाठलं. खाकी कपड्यांतली पोरं लाकडी बंदुका घेऊन चिखलात उजवीकडे-डावीकडे वळत होती. दुसऱ्या रांगेत फ्रीमन होता. टोपी कानांवर आलेली.

सार्जंट पेल्टन वाईट माणूस नव्हता. त्याने तिला खुर्ची दिली, कागद काढला. "वय एकोणीस, बाई. हे बघा."

"या जूनमध्ये त्याला सतरा पुरी होतील."

"जन्माचा दाखला आहे?"

आम्ही लांबघराचे लोक, त्या लांबलचक सभाघरात आपला जुना धर्म पाळणारे. आमच्या पोरांना पाद्री पाणी शिंपडत नाही, मग चर्चच्या वहीत नाव कुठून असणार? "मी जन्म दिलाय त्याला," केझाया म्हणाली. "आणखी कसला दाखला?"

"कुटुंबप्रमुखाने स्वतः आणून सोडलाय. मानकरी आहेत ते तुमच्याकडचे. ही त्यांची सही."

सही तिने ओळखली. ते अक्षर गिरवायला तिनेच शिकवलं होतं, जळत्या काटकीच्या कोळशाने, चुलीपुढच्या फरशीवर.

"आमच्यात कुटुंबप्रमुख मी आहे," ती म्हणाली. टेबलाशी बसलेले दोघे शिपाई फिस्सकन हसले. पेल्टनने त्यांच्याकडे डोळे वटारले, पण कागद घडी घालून ठेवूनही दिला. ती मैदानाच्या कडेला जाऊन ओरडली. आवाज फाटेपर्यंत ओरडली. फ्रीमन रांगेतून जरासा वळला आणि त्याने तिला डोळा मारला.

त्या डोळ्याचा अर्थ वाटभर तिला लागेना. पोर वेडं झालंय का? की आईची थट्टा करतंय?

अल्फियस दारातच बसला होता. वाट बघत असल्यासारखा.

"तूच?" ती म्हणाली.

"बस, ताई."

"उभीच बरी आहे. बोल."

तो नेहमीसारखा सावकाश बोलला. "पंचायतीत मी बायांचा शब्द मांडला. तो माझा धर्मच होता. पण माझंही एक मन आहे. तिकडे लोकांची घरं जळतायत, ताई. आग लागलेल्या घरासमोर उभं राहून 'मला रीतसर बोलावणं आलं नाही' म्हणायचं? आणि दुसरं. उद्या हे युद्ध संपेल. सरकार विचारेल, तुम्ही कुठे होता? आपण कुणीच गेलो नाही तर आपली जमीन, आपली पंचायत, काही ठेवायचे नाहीत. मानकऱ्याच्या घरचं एक पोर गेलेलं असलं, तर दाखवायला काही राहील."

"दोन दगडांवर पाय."

"म्हण तसं."

"पाय तुझे कुठे आहेत त्यात? माझ्या पोराचे आहेत." मग तिला एकदम सुचलं. "तुझे दोघे? थोरला बावीसचा, धाकटा वीसचा. त्यांच्या वयाची तर थाप मारायलाही नको होती."

अल्फियसने मान खाली घातली. "ते लांडगा कुळाचे, ताई. त्यांच्या आईच्या कुळाचे. त्यांना द्यायचा हक्क मला नाही. त्यांच्या आईने साफ नाही म्हटलं."

"म्हणजे तिला विचारलंस."

तो पायातला जोडा काढून चिखल झटकू लागला.

"तिला विचारलंस आणि मला नाही."

"तू नाहीच म्हणाली असतीस."

केझायाने त्याला त्या दिवशी एकच गोष्ट मागितली. उद्या ब्रँटफर्डला चल, सार्जंटसमोर उभा राहा, वय खरं सांग. त्याने नकारार्थी मान हलवली. "मी तिथे मानकरी म्हणून सही केलीय. ती खोटी म्हणालो, तर उद्या आपल्या करारांवरची एकही सही ते खरी मानणार नाहीत."

मानकऱ्याला तीनदा समज द्यायची रीत आहे. ही पहिली झाली. दुसरी केझायाने मे महिन्यात दिली, कुळातल्या बायांना बरोबर घेऊन. दरम्यान मास्तरीणबाईंकडून तिने राजाला पत्रही लिहून घेतलं. उत्तर आलं ते राजाचं नव्हतं. मुलगा वयात आलेला असल्याचं दिसतं, असं त्यात लिहिलं होतं, आणि पुराव्यादाखल अल्फियसच्या सहीची नक्कल जोडली होती.

जुलैत फ्रीमन दोन दिवसांच्या रजेवर आला. तिने त्याला मक्याचं सूप वाढलं, डुकराचं मांस आणि राजमा घालून, त्याला आवडतं तसं दाट. तो तीन वाडगे प्यायला. मग ती म्हणाली, "त्या दिवशी मी घसा फोडून ओरडत होते आणि तू मला डोळा मारलास."

"मग? नाटक छान वठवलंस तू."

"कसलं नाटक?"

फ्रीमनने चमचा खाली ठेवला. "मामा म्हणाले, आईने हो म्हटलंय. फक्त बायांदेखत म्हणू शकत नाही, थोरली आहे ना ती. तिच्या मनात आहे तू जावंस, पण तिला काही विचारू नकोस, तिची पंचाईत होईल. म्हणून मी विचारलं नाही."

खोट्या वयाखाली भावाने सही केली, ते एक वेळ केझायाने गिळलं असतं. पण त्याने तिच्या तोंडात होकार घातला होता. तिच्या पोराच्या मनात तिच्या नावाची एक दुसरीच आई तयार केली होती, आणि पोर त्या आईचा आशीर्वाद घेऊन निघालं होतं.

"मी हो म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. "कधीच नाही. कुणालाच नाही."

फ्रीमनने वाडगा बाजूला सारला. ती त्याच्या मागे लागली, की तूच सांग तुझं वय, तुझं तरी ऐकतील. तो बराच वेळ बाहेर ओंडक्यावर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी गणवेश चढवताना म्हणाला, "आता मागे फिरलो तर पोरं पळपुटा म्हणतील. मी जातो." दारातून निघताना त्याने मागे वळून पाहिलं नाही.

तिसरी समज त्याच आठवड्यात दिली गेली. अल्फियसचं उत्तर तेच होतं. मग पंचायतीच्या घरात सगळ्यांसमोर केझायाने त्याची शिंगं उतरवली. बोलायचे शब्द ठरलेले असतात, जुने असतात. ते तिने एकही न चुकता म्हटले. अल्फियस उठला आणि बाकाच्या टोकाला, साध्या माणसांत जाऊन बसला. जागा लीव्हायला दिली. त्या दिवसापासून ती भावाशी बोलली नाही.

फ्रीमन १९१९ च्या वसंतात परत आला. विषारी वायूने त्याची छाती पोखरली होती, जिना चढताना तो मधेच थांबायचा. पहिला महिना तिने काही विचारलं नाही. मग एक दिवस कुंपणाचे खांब रोवताना तोच बोलला.

"तू मामाची शिंगं काढलीस. माझ्या नावावर. मला विचारलं होतंस?"

"त्याने खोटं केलं, फ्रीमन."

"केलं. ठाऊक आहे मला. पण त्याचं खोटं घेऊन मी गेलो असतो ना, तर बरा गेलो असतो. मला वाटलं असतं घरच्या बाईने धाडलंय. तू ते काढून घेतलंस. तीन वर्षं मी त्या चिखलात पडलेलो, माणसं मारली, माझ्या शेजारची मेली, आणि सारखं डोक्यात, की आईच्या लेखी हे सगळं चूक आहे. तुझं खरं तुला लखलाभ. मला ते काय कामाचं होतं तिथे?"

"मी खोटं बोलायला हवं होतं?"

"गप्प बसायला हवं होतंस."

तिने खांब धरला, त्याने माती लोटली.

परत आलेल्या पोरांना कुणीच धड विचारलं नाही. सरकारने गोऱ्या शिपायांना जमिनी दिल्या, आमच्यांना अर्जांवर अर्ज करायला लावलं. पंचायतीने म्हटलं, आम्ही पाठवलंच नव्हतं. दोन्हीकडून हाकललेली ती पोरं चिडली. त्यांतल्या काहींनी सरकारकडे मागणी केली, की ही बायांनी नेमलेली पंचायत मोडा, मतदान घ्या. त्या कागदावर फ्रीमनची सही होती. ही बातमी केझायाला लीव्हायने आणून सांगितली, भाषण करून. तिने त्याला मधेच थांबवलं. "कळलं," म्हणाली.

१९२४ च्या शरद ऋतूत सरकारी माणूस पोलीस घेऊन आला. जुनी पंचायत संपली, असं वाचून दाखवलं, पंचायतीच्या घराला कुलूप ठोकलं. मग मतदान झालं. एकवीस वर्षांवरच्या पुरुषांनी मत द्यायचं, बायांनी नाही. बहुतेक लोक घरीच बसले. मोजके गेले, त्यांत फ्रीमन होता. केझाया ओसरीवर मक्याची कणसं वेणीत गुंफत होती. तो कोट घालून तिच्यासमोरून गेला, आणि तासाभराने आला.

त्यानंतर चार दिवसांनी दुपारी अल्फियस आला. आठ वर्षांनी. केस पांढरे झाले होते. आत ये, असं ती म्हणाली नाही. तो पायरीवर बसला.

"पंचायत वाचावी म्हणून पोर दिलं, ताई. पंचायत त्यांनी तरीही मोडली."

केझाया कणसं गुंफत राहिली.

"मला एवढंच सांगायचंय. ते युद्ध चूक होतं असं मला आजही वाटत नाही. ती घरं जळत होती. कुणीतरी जायला हवं होतं. मी पाठवलं तसं पाठवायला नको होतं."

तेव्हा ती बोलली. "त्या बेल्जियमच्या बाया मलाही दिसत होत्या, अल्फी. ते चित्र मी किती दिवस पिठाच्या डब्याखाली जपून ठेवलं होतं. तू येऊन बसला असतास, दहा वेळा बोलला असतास, तर मी काय म्हटलं असतं, माझं मलाच ठाऊक नाही. कदाचित हो म्हटलं असतं. पीठ कांडलं असतं, जोडे शिवले असते. तुझं म्हणणं इतकं खरं होतं, तर त्याला खोटी सही कशाला लागली?"

"मला घाई होती," तो म्हणाला. "आणि तू नाही म्हणशील याची भीती होती."

"तुला ऐकून घेता येतं म्हणून शिंगं दिली होती मी."

त्याने डोळे पुसले. त्याला वाटलं असावं, इतकं बोलली म्हणजे गाठ सुटली. तो उठून तिच्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवू लागला. ती बाजूला सरली.

"जा आता," ती म्हणाली. "फ्रीमन यायची वेळ झाली. त्याला तुझ्याशी बोलायचं असेल तर तो बोलेल. ते त्याचं त्याने ठरवावं."

फ्रीमन मामाशी बोलायचा. दोघे मासे मारायला जायचे, लोकांना दिसायचे. आईशीही तो कामापुरतं बोलायचा, तिचं लाकूड फोडून द्यायचा. १९३१ मध्ये तो त्या पोखरलेल्या छातीनेच गेला. जुने मानकरी कुलूप लागल्यावरही लांबघरात जमत राहिले, सरकारने मानलं न मानलं तरी, आणि केझाया प्रत्येक बैठकीला बायांच्या बाकावर जाऊन बसायची. लीव्हाय गेल्यावर शिंगं कुणाला द्यायची असं बायांनी विचारलं, तेव्हा तिने पहिल्यांदाच आपला शब्द टाकला नाही. "तुम्ही ठरवा," म्हणाली. "माझी पारख चुकते."